आधी वजन, मग तुकडे

दाऊद, उद्या तुझा चाळिसावा. गावाला जुबेदाभाभी चार घरची माणसं जेवायला बोलावतील, फातिहा पढतील. इथे सौदीच्या कॅम्पात मी मेसच्या आचाऱ्याला सांगून गोड भाताची सोय केली आहे. तुझा इकामा, इथला राहण्याचा परवाना, ऑफिसात जमा केला, पोच घेतली. पासपोर्ट रद्द होऊन आला. कपडे, घड्याळ, जानमाज, दोन चादरी आणि टेपरेकॉर्डर तुझ्या शेजारच्या गावचा माणूस रजेवर निघाला होता त्याच्याबरोबर पाठवलं. यादी दोन प्रतींत केली, एकीवर त्याची सही घेतली. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तर, तू मेलास तरी उठून यादीवर खूण करशील.

सगळी कामं झाली आणि मला बसवत नाही. जेवताना उठतो आणि उठल्यावर कशाला उठलो ते आठवत नाही. मस्टर दोनदा लिहितो. कारण मला ठाऊक आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. गेल्या वर्षी परीक्षेच्या पहिल्या यादीतून तुझं नाव ऑफिसने गाळलं नव्हतं. मी गाळलं होतं. ते गाळलं नसतं, तर तू जाण्याआधी भाभी इथे तुझ्याजवळ सात महिने राहिल्या असत्या. तू गेलास त्या दिवसापासून एकच प्रश्न होता: हे भाभींना सांगायचं की नाही.

तुला हे कधी कळलं का, मला माहीत नाही. तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. एका खोलीत आठ वर्षं, दोन खाटांमध्ये हातभर अंतर, आणि हे मध्ये पडून राहिलं.

सुरुवात त्या उन्हाळ्यातली. अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये पोलादी टाकीसारखं मोठं भांडं बसवायचं होतं, आडवं, लांबच लांब, एका टोकाला जाड. तू रिगर, म्हणजे ओझं बांधून क्रेनला देणारा. क्रेनवाल्याने काय करायचं ते तुझा हात सांगणार. मी टाइमकीपर, सावलीत उभा राहून माणसं मोजत होतो. तू भांड्याभोवती एक फेरी मारलीस, दोन ठिकाणी हात ठेवलास, खडूने रेघ ओढलीस आणि पट्टे तिथे बांधायला लावलेस. क्रेनने भांडं वीतभर उचललं आणि तू मूठ आवळून थांबवलंस. सगळे थांबले. भांडं कुठल्या अंगाला झुकतंय ते तू बघत होतास. खाली घेतलंस, एक पट्टा चार बोटं सरकवलास, पुन्हा वीतभर. आता ते पाण्यासारखं सपाट राहिलं. मग अंगठा वर.

ते बसल्यावर अमेरिकन इन्स्पेक्टर तुझ्याकडे आला आणि क्रेनच्या कपॅसिटीबद्दल काहीतरी विचारलं. तू बरोबर उत्तर दिलंस. त्याला कळलं नाही. तू पुन्हा दिलंस, पुन्हा दिलंस. तिसऱ्यांदा तो मान हलवून दुसऱ्या माणसाकडे वळला, ज्याला त्या क्रेनबद्दल तुझ्या निम्मंही ठाऊक नव्हतं, पण बोलता येत होतं. संध्याकाळी बसने परतलो. कॅम्पाच्या फाटकाशी आल्यावर म्हणालास, "मास्तर, मी काय चुकीचा बोललो काय?"

मी मास्तर नव्हतोच. साताऱ्याला कॉलेजची दोन वर्षं, मग एका सहकारी संस्थेत कारकुनी, मग इथे. पण डिक्शनरी माझ्याकडे होती आणि मी कॅम्पातल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहायचो, म्हणून तू मला पहिल्या आठवड्यापासून मास्तर म्हणायचास, निम्मं चिडवायला आणि निम्मं गरजेपोटी. मी तुला समजावलं की तू चुकला नाहीस, तू सगळी अक्षरं सारखीच बोललास. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढावं तसं आपण मराठीत शब्द वाढतो. इंग्रजीला ते चालत नाही. त्यांच्या लांब शब्दात एक तुकडा यजमान असतो, त्याच्या ताटात जास्त पडतं, बाकीच्यांनी घासभर खाऊन गप्प बसायचं. यजमान कोण हे चुकलं, की ऐकणाऱ्याला घरच सापडत नाही.

तू म्हणालास, मग यजमान शोधायला शिकव. त्याच महिन्यात नोटीस लागली होती. फोरमनच्या ग्रेडसाठी तोंडी परीक्षा, इंग्रजीतून, आणि त्या ग्रेडला फॅमिली स्टेटस, म्हणजे बायकोला इथे आणायची परवानगी. तुझी आई गेल्याला दोन वर्षं झाली होती, लेक नसीम लग्न होऊन महाडला गेली होती, घरात जुबेदाभाभी एकट्या. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस, असा तुमचा संसार. तू नोटिशीखाली उभा राहून ती दोनदा वाचून घेतलीस माझ्याकडून.  दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी बसलास आणि म्हणालास, "चल, काढ तुझी डिक्शनरी."

कॅम्प ते प्लांट चाळीस मिनिटं. जाताना चाळीस, येताना चाळीस, शुक्रवारी सकाळी जुम्म्याच्या आधी एक तास. मी वेळापत्रक केलं. पद्धतही ठरवली: मालाच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर एक शब्द, पेन्सिलच्या उभ्या रेघांनी तुकडे, मग डिक्शनरीत बघून वजनाच्या तुकड्यावर टिंब. रोज पाच शब्द. आधी तुकडे, मग वजन. मला ते इतकं उघड वाटत होतं की त्यावर कुणी वाद घालेल असं मनातही नव्हतं.

तू तिसऱ्या दिवशी कार्ड बाजूला ठेवलंस. "असा नाय रे मास्तर. तू ओझ्याचे आधी तुकडे करतोस आणि मग बघतोस जड कुठे हाय. तुकडे केल्यावर मग ओझा कुठे राहिला? आधी वजन बघ. वीतभर उचल. कुठे झुकतो ता बघ. मग तुकडे आपसूक पडतात."

मी म्हणालो, शब्द म्हणजे लोखंड नव्हे. तू म्हणालास, "शब्द पण उचलायलाच लागतो ना, तोंडाने?"

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मी नियमाने जायचो, तू हाताने. तू शब्द आधी तोंडातल्या तोंडात म्हणायचास, एकदा पहिल्या तुकड्यावर जोर देऊन, एकदा दुसऱ्या, एकदा तिसऱ्या, आणि डोळे मिटून ऐकायचास. जिथे तो सपाट उभा राहील तिथे अंगठा वर करायचास, क्रेनवाल्याला करतोस तसा. बाकीच्या तुकड्यांना पंजा खाली. बसमधली माणसं हसायची. मागच्या सीटवरचा कुट्टी म्हणाला, "दाऊदभाई, बस को ऊपर उठाएगा क्या?" तू त्याला म्हणालास, तू उतर, मग उठवतो.

आणि दाऊद, तुझा अंगठा बहुतेक बरोबर असायचा. मी डिक्शनरी उघडून बघायचो आणि टिंब तिथेच. मला याचा आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, थोडा राग यायचा.

स्टेबल आणि स्टॅबिलिटीचा दिवस आठवतो. पहिल्यात वजन पहिल्या तुकड्यावर आहे, दुसऱ्यात ते 'बि'वर जातं. मी म्हणालो, हे पाठ कर, इथे काही कारण नाही. तू हसलास. म्हणालास, कारण आहे. भांड्याला मागून लांब पाइप जोडला की वजनाचा मध्य मागे सरकतो, पट्टाही सरकवायला लागतो. शब्दाला शेपूट लावली, मध्य सरकला. यात नवीन काय? आणि मग तू स्वतःहून पुढे गेलास. क-पॅ-सि-टी, स्टॅ-बि-लि-टी, रि-स्पॉन-सि-बि-लि-टी: शेवटी 'इटी' आली की वजन तिच्या बरोब्बर आधीच्या तुकड्यावर. व्हेंटिलेशन, इव्हॅक्युएशन: 'शन'चंही तेच. हा नियम माझ्या डिक्शनरीच्या सुरुवातीला बारीक टायपात छापलेला होता. मी तो वाचला नव्हता. तुला इंग्रजी अक्षरं जेमतेम जुळवता यायची, नोटीससुद्धा वाचून दाखवावी लागायची, आणि तू तो बसमध्ये बसून काढलास.

मी हरायला तयार नव्हतो. शोधून शोधून टेलिव्हिजन काढला. शेवटी 'जन', भाऊच तो 'शन'चा, पण वजन पहिल्यावर. सांग आता. तू दोनदा उचललास, खाली ठेवलास आणि म्हणालास, "टीव्ही हलका असतो रे. त्याला कशाला क्रेन?"

शुक्रवारचा अभ्यास तू टेपरेकॉर्डरवर करायचास. शब्द बोलायचास, मागे नेऊन ऐकायचास, स्वतःला शिव्या द्यायचास, पुन्हा बोलायचास. तोच टेपरेकॉर्डर भाभींना पत्रं पाठवायचा. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पत्र म्हणजे कॅसेट, एक बाजू तुझी, उलटी बाजू त्यांची, रजेवर जाणाऱ्याच्या पिशवीतून जायची आणि यायची. मी तुला किती वेळा म्हणालो, कॅसेटवर चिठ्ठी लाव, घर वेगळं, अभ्यास वेगळा. तू ऐकलं नाहीस. आणि एकदा अभ्यासाची कॅसेट घरी गेली. अर्धा तास नुसतं रिस्पॉन्सिबिलिटी, हायड्रॉलिक, टेम्परेचर, आणि मध्येच माझा आवाज: "चूक."

तीन आठवडे तू खोलीत तोंड लपवून होतास. मग भाभींची कॅसेट आली. आपण दोघांनी ऐकली, तू मला बाहेर जाऊ दिलं नाहीस. त्या म्हणाल्या, काय बोललात ता कळला नाय, पण दोनदा ऐकली. ओझा उचलताना बोलता तसे बोलत होतात. आणि मध्ये तो चूक चूक म्हणणारा कोण हाय, त्याला सांगा जरा दमानं. तू इतका हसलास की डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून मी तुझ्या घरात 'चूकवाले वसंतभाऊ' झालो.

आता ते. पहिल्या बॅचची नावं ऑफिसने मागवली. साहेबाने मला सांगितलं, तयार असतील त्यांचीच दे, नापास झाला तर वर्षभर पुन्हा बसता येणार नाही. मी अकरा नावं टाइप केली. तुझं आठवं. कागद मशीनमध्येच होता. मी तुला मनात परीक्षेला बसवून पाहिलं: समोर अमेरिकन, तुझा तो अंगठा, डोळे मिटून पुटपुटणं, शब्दाला तीन-तीनदा हात घालणं. मला ते दिसलं आणि लाज वाटली. तुझी नव्हे, माझी. सगळ्या कॅम्पाला माहीत होतं की तू माझा विद्यार्थी. आणि तू माझ्या पद्धतीने शिकला नव्हतास. पाच शब्द रोज, तुकडे, टिंब, या हिशेबाने माझ्या तक्त्यात तुझे साठ शब्द बाकी होते. तक्त्यानुसार तू तयार नव्हतास.

मी कागद काढला, नवा घातला आणि दहा नावं टाइप केली.

स्वतःला मी सांगितलं की हे तुझ्या भल्यासाठी आहे. नापास झालास तर वर्ष जाईल, पुढच्या बॅचला आठच महिने आहेत. हे खोटंही नव्हतं. म्हणूनच ते इतके दिवस टिकलं.

तू संध्याकाळी विचारलंस, "नाव कुठे हाय माझा?" मी म्हणालो, पुढच्या बॅचला ठेवलंय, ऑफिसने ठरवलं. तू विचारलंस, "ऑफिस म्हंजे कोण?" मी म्हणालो, ऑफिस म्हणजे ऑफिस. तू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलास आणि मग म्हणालास, बरं, काढ उद्याचे पाच. त्या बघण्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. ओझं वीतभर उचलून थांबल्यावर तू असाच बघायचास.

आठ महिन्यांनी, रमजानच्या आधी, तू परीक्षेला बसलास. मी दाराबाहेर बाकावर होतो, हातात उगीच मस्टर. तू बाहेर आलास तो हसतच. लॅबोरेटरीवर अडलं होतं. माझी डिक्शनरी विलायती, तिच्यात वजन दुसऱ्या तुकड्यावर. तू तसंच म्हणालास, परीक्षकाने थांबवलं आणि पहिल्यावर जोर देऊन म्हणून दाखवलं. तू मला म्हणालास, मास्तर, तुझी डिक्शनरी दुसऱ्या क्रेनची आहे. मग त्याने एक कार्ड समोर केलं, आपल्या एकाही कार्डावर नसलेला शब्द. डिटीरिओरेशन. सहा तुकडे. पट्टा सडत जातो त्याबद्दलचा प्रश्न होता. तू त्याच्यासमोर डोळे मिटलेस. ओठांनी उचललास, ठेवलास, पुन्हा उचललास. शेवटी 'शन' आहे, म्हणजे आधीच्या 'रे'वर. अंगठा वर. परीक्षक खुर्चीत मागे टेकून हसला, म्हणाला, हा माणूस शब्दालासुद्धा आधी चाचणी देतो, याच्या हाताखाली मी उभा राहीन. पास.

तू हे सांगत होतास आणि मी अभिनंदन करत होतो, आणि तुझ्याकडे न बघता हातातलं मस्टर चाळत होतो. कारण ज्या रीतीने तू पास झालास, ती तुझ्याकडे पहिल्या बॅचच्या आधीही होती. 'शन'चा नियम तू तेव्हाच काढला होतास. माझ्या तक्त्यातले उरलेले साठ शब्द मधल्या आठ महिन्यांत पुरे झाले खरे, पण त्यातला एकही तुला विचारला गेला नाही.

त्या रमजानमध्ये तू खूश होतास. फॅमिलीचा अर्ज गेला होता, पाच महिने लागतात असं कळलं होतं, म्हणजे थंडीत भाभी येणार. तू मला त्यांच्यासाठी यादी करायला लावलीस, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. आमसुलं, कुळथाचं पीठ, सुकी कोळंबी, त्यांची मासळी विकायची पाटी राहू दे म्हणालास, मासे इथेही मिळतात, साफ करायला सुरी मात्र स्वतःची घेऊन ये म्हणावं. एकदा इफ्तारला तू हुफूफच्या खजुरांची पुडी माझ्यापुढे सरकवलीस. म्हणालास, तू रोजा नाय ठेवत, पण थांबतोस तरी माझ्यासाठी, खा. मी वाक्य तयार केलं होतं. "दाऊद, पहिल्या बॅचला ऑफिसने नाही," इथपर्यंत ते रोज माझ्या तोंडात यायचं. त्या दिवशीही आलं. मी खजूर खाल्ला.

ती सकाळ मी फार लिहिणार नाही. बसमध्ये तू खिडकीशी बसला होतास. मला म्हणालास, जरा डोळा लागला तर उठव. मी दिवसाच्या कामांची यादी करत होतो. चाळीस मिनिटांत मी एकदाही तुझ्याकडे पाहिलं नाही. फाटकाशी बस थांबली, सगळे उतरले, आणि मी यादी घडी करून खिशात ठेवून मग तुला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला, त्रास झाला नसेल. लोक मला धीर द्यायला हेच पुन्हा पुन्हा सांगतात. मी मान हलवतो.

कागदांना दोन दिवस लागले. भाभींनी तालुक्याच्या पोस्टातून फोनवर होकार दिला की तिथेच दफन करा. तिसऱ्या दिवशी असरच्या नमाजानंतर तुला हुफूफच्या कबरस्तानात नेलं. कॅम्पातली चाळीसेक माणसं होती. मी आत यावं की नाही कुणी सांगितलं नाही, म्हणून मी भिंतीबाहेर बसपाशी उभा राहिलो. शेवटी कुट्टी आला आणि म्हणाला, "चलो, मिट्टी तो दे दो," आणि हाताला धरून घेऊन गेला. मी तीन मुठी दिल्या.

नवव्या दिवशी ऑफिसात तुझा फॅमिलीचा कागद आला. मंजूर. नाव जुबेदा, नातं पत्नी. माझ्याच टेबलावर आला, कारण असले कागद माझ्याच टेबलावर येतात. त्यावर 'रद्द' लिहून परत पाठवायचं होतं. मी तो दिवसभर ठेवून घेतला. हिशेब तेव्हा केला. पहिल्या बॅचला बसला असतास तर तुला परीक्षा देऊन बरोबर एक वर्ष झालं असतं. त्यातून कागदाचे पाच महिने वजा. सात.

सांगावं की नाही? मी दोन बाजू लिहून काढल्या. न सांगण्याच्या बाजूला पाच कारणं आली, सगळी चांगली. बाई दुःखात आहे. गेलेलं परत येत नाही. माझं मन हलकं करायला त्यांच्या डोक्यावर ओझं का. तू पास झाला असतास याची खात्री कुठे. आणि तू माझा मित्र होतास, एवढंच त्यांना राहू दे. सांगण्याच्या बाजूला एकच होतं: ते सात महिने माझे नव्हते. मी पाचही कारणं पुन्हा वाचली आणि मला दिसलं की यादीतून नाव गाळताना माझ्याकडे अशीच चांगली कारणं होती. त्या वेळीही मी ठरवलं होतं की दुसऱ्याला काय पेलेल ते मला कळतं.

तुझा टेपरेकॉर्डर पाठवण्याआधी त्यावरच बोललो. शुक्रवारी सकाळी, तुझ्या खाटेवर बसून. दहा मिनिटांत सांगून टाकायचं ठरवलं होतं, पाऊण तास लागला. टाइपरायटर, अकरा नावं, दहा नावं, ऑफिस म्हणजे ऑफिस. सात महिन्यांचा हिशेबही सांगितला. माफी मागितली, पण ती मागताना आवाज मस्टर वाचल्यासारखा झाला, तो तसाच ठेवला. कॅसेट सामानात घातली, यादीत तिची नोंद केली.

काल उत्तर आलं. कुट्टीचा टेपरेकॉर्डर आणून मी एकट्याने ऐकलं. सुरुवातीला बाहेरच्या कोंबड्या आणि कुणीतरी लाकडं फोडतंय. मग भाभी बोलल्या. सामान मिळालं, सगळं यादीप्रमाणे आहे, घड्याळ नसीमच्या नवऱ्याला दिलं. तुझ्या कबरीवर खूण काय केली ते विचारलं. चाळिसाव्याला कोण कोण येणार ते सांगितलं. आता संपलं असं वाटलं, मी बटणाकडे हात नेला, आणि त्या पुन्हा बोलल्या. रागाने नाही. रडतही नव्हत्या.

"वसंतभाऊ, तुम्ही सात महिने म्हणालात. मी इथे बोटांवर मोजत होते, माझा काय जमत नाय. तुम्ही सगळा लिहून ठेवता. त्या सातात रमजान आला होता काय?"

बाजू तिथे संपते. पुढे रिकामी फीत आहे. मी ती शेवटपर्यंत ऐकली.

दाऊद, मला कॅलेंडर बघायची गरज नव्हती. कॅम्पात रोजाच्या वेळा मीच टाइप करून भिंतीला लावतो. रमजान होता त्यात. पूर्ण, तिसाच्या तीस रोजे. ईद होती. बकरी ईदही होती. परवा एक जण रत्नागिरीला निघालाय, त्याच्याबरोबर कॅसेट द्यायची आहे. आज सकाळपासून कुट्टीच्या टेपरेकॉर्डरसमोर बसलो होतो. काय काय सांगायचं ते कागदावर काढलं होतं, ते बाजूला ठेवलं. बटण दाबलं आणि म्हणालो, होय भाभी, आला होता.